ओतलेले पाणी : वीरस्मरणाच्या दिवशी शांतीविषयी कसे बोलावे?

वाचनाचे शास्त्रभाग : २ शमुवेल २३:१३–१७, २ शमुवेल १:१७–२७, रोमकरांस पत्र १२:१५–१८.



डिसेंबर महिन्याची ७ तारीख ही आपल्या देशात १९४९ सालापासून सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळली जाते. त्या दिवशी लहान निशाणे वाटून जो निधी जमतो, तो रणात पडलेल्या शिपायांच्या कुटुंबांसाठी, जायबंदी झालेल्यांसाठी व सेवानिवृत्त सैनिकांसाठी खर्च होतो. अशा दिवशी ख्रिस्ती उपदेशकापुढे एक अडचण उभी राहते. ज्या प्रभूचा तो सेवक आहे, त्याने शांती करणाऱ्यांस धन्य म्हटले आहे. परंतु समोर बसलेल्या मंडळीत एखाद्या शिपायाची आई असते. शांतीविषयी बोलावे, तर तिच्या जखमेवर बोट पडण्याचे भय. न बोलावे, तर प्रभूची आज्ञा गिळून बसल्याचा दोष. ह्या दोहोंतून वाट कोणती, ह्याचा विचार ह्या पाठात करावयाचा आहे.

प्रथम आम्ही आमचीच एक चूक सांगतो. पाळकपणाच्या आरंभीच्या वर्षांत, घाटावरच्या एका लहान मंडळीत, ध्वजदिनाच्या जवळच्या रविवारी आम्ही युद्धाच्या पापावर उपदेश केला. उपदेशाची तयारी आम्ही चांगली केली होती व आमच्या मते तो शास्त्राला धरूनही होता. पुढच्या सतरंजीवर एक विधवा बाई बसल्या होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा सीमेवर कामी आला होता. उपदेश अर्धा झाला असता त्या उठल्या, पदर सावरला व काही न बोलता बाहेर गेल्या. संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आम्हांस पाट दिला, चहा दिला, आणि मग म्हणाल्या, “पाळकसाहेब, तुमचं बोलणं खोटं नव्हतं. पण आज माझ्या पोराचा दिवस होता. आधी त्याचं नाव घ्यायचं होतं, मग बाकीचं बोलायचं होतं.” आम्ही म्हणालो, “मावशी, आमचे चुकले.” ह्याहून अधिक काही बोलणे आम्हांस सुचले नाही. सेमिनरीत जे आम्ही शिकलो नव्हतो, ते त्या पाटावर शिकलो.

१. दाविदाची घागर

आता शास्त्राकडे वळू. दावीद अदुल्लामाच्या गुहेत होता. हंगामाचे दिवस होते. पलिष्ट्यांची छावणी खोऱ्यात पडली होती व त्यांचे ठाणे बेथलेहेमात, म्हणजे दाविदाच्या स्वतःच्या गावी होते. आपल्या गावच्या वेशीजवळील विहिरीचे पाणी कोणी पाजील काय, अशी इच्छा त्याच्या तोंडून निघाली. परगावी राहिलेल्या मनुष्यास आपल्या विहिरीच्या पाण्याची आठवण कशी होते, हे आपणां खेडेगावच्या लोकांस सांगावयास नको. त्याने हुकूम केला नव्हता. तरी तिघे वीर उठले, शत्रूची छावणी फोडून गेले व पाणी घेऊन आले. तेव्हा दाविदाने ते पाणी पिण्याचे नाकारले. जे आपल्या जिवावर उदार होऊन गेले, त्यांचे हे रक्तच आहे, असे मानून त्याने ते प्रभूपुढे ओतले.

येथे तीन वाटा होत्या, हे नीट ध्यानात घ्यावे. दाविदाला ते पाणी मिटक्या मारीत पिता आले असते. वीरांची वाहवा करून, उद्या पुन्हा तहान लागली असता दुसरी घागर आणण्यास त्यांस धाडता आले असते. ही पहिली वाट. अथवा त्याला त्या तिघांवर रागावता आले असते : “मूर्खांनो, एका घागरीसाठी असे जिवावर बेतून घेतात काय?” असे म्हणून ते पाणी धुळीत फेकून देता आले असते. ही दुसरी वाट. दाविदाने दोन्ही टाळल्या. वीरांच्या धैर्यास त्याने उणे म्हटले नाही. उलट त्याची किंमत त्याने एवढी मोठी मानली की, ते पाणी ओठाला लावणेही त्याला पाप वाटले.

पाणी फेकणे व पाणी ओतणे ह्यांत दिसण्यात फरक थोडा आहे, दोन्हींत पाणी जमिनीवरच पडते. परंतु एकात तिरस्कार आहे व दुसऱ्यात उपासना आहे. वीरस्मरणाच्या दिवशी शांतीविषयी बोलणाऱ्याने स्वतःस हेच विचारावे : मी पाणी फेकीत आहे की ओतीत आहे?

२. विलायतेतील तांबडे फूल व पांढरे फूल

हा प्रश्न केवळ आपल्यापुढेच आला, असे नाही. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता पश्चिम आघाडीवर थांबले. पुढील वर्षापासून ब्रिटनमध्ये त्याच दिवशी, त्याच वेळी दोन मिनिटे सर्वांनी निःशब्द उभे राहावे, असा प्रघात पडला. १९२१ सालापासून त्या दिवसासाठी पॉपी नावाचे तांबडे फूल कागदाचे वा कापडाचे करून विकू लागले. हे अफूच्या कुळातील एक रानफूल आहे. त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे निजून राहते व माती उलथीपालथी झाली म्हणजे रुजते. फ्रान्स व बेल्जम येथील शेते नांगराऐवजी तोफांच्या गोळ्यांनी उलटली गेली. म्हणून ज्या मातीत मनुष्ये पुरली गेली, तीतूनच ही तांबडी फुले उठली. त्यांच्या विक्रीचा पैसा जायबंदी शिपाई व विधवा ह्यांच्याकडे जातो. तेव्हा त्या फुलास कोणी सहज बोल लावावा, असे ते नाही.

परंतु स्मरणाबरोबर दुसरेही काही मिसळू लागले होते. युद्धविरामाच्या रात्री लंडनात मोठमोठ्या नाचाच्या मेजवान्या होत. त्या वेळी डिक शेपर्ड नावाचे एक पाळक ट्रॅफल्गर चौकातील सेंट मार्टिन मंदिरात सेवा करीत होते. १९१४ साली, युद्धाच्या आरंभीच, त्यांनी फ्रान्समधील एका लष्करी इस्पितळात धर्मोपदेशकाचे काम केले होते व मरणाऱ्या तरुणांच्या उशाशी ते बसले होते. १९२५ साली आल्बर्ट हॉल ह्या विशाल सभागृहात त्या रात्री असाच नाच ठरला होता. तो धर्मादाय कार्यासाठी होता, हेही सांगितले पाहिजे. शेपर्ड ह्यांनी ‘टाइम्स’ पत्रास लिहून त्यास हरकत घेतली. ज्या रात्री सहस्रावधी घरांत रिकाम्या जागेकडे पाहून लोक रडतात, त्या रात्री नाच शोभत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. चालकांनी नाच दुसऱ्या दिवसावर नेला व ११ तारखेस त्याच सभागृहात शेपर्ड ह्यांनी मृतांच्या स्मरणार्थ उपासना चालविली. पाणी पिण्याची वाट त्यांनी अशी अडविली.

पुढे ऑक्टोबर १९३४ मध्ये ह्याच शेपर्ड ह्यांनी वर्तमानपत्रांतून विनंती केली की, ज्यांस युद्धाचा सर्वस्वी त्याग करावयाचा असेल त्यांनी आपणांस एक पोस्टकार्ड पाठवावे. हजारो कार्डे आली. त्यांतून १९३६ साली ‘पीस प्लेज युनियन’ म्हणजे शांतिप्रतिज्ञा संघ उभा राहिला. ह्यातील क्रम पाहावा. आधी ते मरणाऱ्यांजवळ बसले. मग रडणाऱ्यांची बाजू घेऊन उभे राहिले. आणि त्यानंतर नऊ वर्षांनी त्यांनी लोकांपुढे प्रतिज्ञा ठेविली.

मध्यंतरी, १९३३ साली, ‘को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्ड’ ह्या, बहुतांशी कामकरी घरांतील स्त्रियांच्या संस्थेने पांढरे पॉपी काढिले. त्या संस्थेतील पुष्कळ जणींचे पती, पुत्र वा भाऊ युद्धात गेले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आम्ही आमच्या मृतांस विसरलो नाही. परंतु तसे मृत पुन्हा कोणाच्या घरी होऊ नयेत, हेही त्याच दिवशी आम्हांस म्हणावयाचे आहे. पुढे शांतिप्रतिज्ञा संघाने हे फूल उचलून धरिले व आजही दरवर्षी ते वाटले जाते. त्याचे तीन अर्थ तो संघ सांगतो : युद्धात बळी पडलेल्या सर्वांचे, मग ते कोणत्याही देशाचे असोत, शिपाई असोत वा निःशस्त्र असोत, स्मरण, शांतीसाठी झटण्याचा निश्चय, आणि युद्धाचा डामडौल व गौरव ह्यांस नकार.

हे फूल सर्वांस रुचले, असे नाही. पांढरे फूल म्हणजे तांबड्या फुलाचा व शिपायांचा अपमान होय, असे म्हणणारे तेव्हाही होते व आजही आहेत. त्यांच्या म्हणण्यातही ऐकण्यासारखे काही आहे : पांढरे लावणाऱ्याच्या मनात पाणी फेकण्याचा भाव असेल, तर तो अपमानच होय. परंतु कित्येक जण दोन्ही फुले शेजारी शेजारी लावतात. एक फूल म्हणते, आम्ही तुम्हांस विसरलो नाही. दुसरे म्हणते, आम्ही तुमच्यामागून आणखी कोणास पाठवू इच्छीत नाही. ही दोन्ही वाक्ये एकाच छातीवर राहू शकतात.

३. आपल्या गावचा दगड

कोणी म्हणेल, ही विलायतेची कथा, तिचा आपल्याशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक लोक समुद्रापार गेले व सुमारे ७४,००० परत आले नाहीत. फ्रान्समध्ये न्यू शापेल येथे १९२७ साली उघडलेल्या स्मारकावर, ज्यांची कबर कोठे आहे हे कोणास ठाऊक नाही, अशा ४,७०० हून अधिक हिंदी लोकांची नावे कोरली आहेत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत येथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली व २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेली. तीत मराठा पलटणी होत्या. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावास लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच म्हणतात, कारण तेथील घरोघरचे लोक सैन्यात गेले आहेत. दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडलेले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे हे आपल्या कोकणातले, आजच्या रायगड जिल्ह्यातले. त्यांचा पुतळा माणगावात उभा आहे.

सातारा, रत्नागिरी इत्यादी जिल्ह्यांतील कित्येक गावांत एक जुनी संगमरवरी पाटी दिसते. ह्या गावातून १९१४–१९१९ च्या युद्धावर इतके गेले व त्यांपैकी इतके मेले, असे तीवर लिहिलेले असते. संख्या असते, नावे बहुधा नसतात. त्या विधवा बाईचे बोलणे आम्हांस ह्या पाट्यांपुढे आठवते. नाव घेतल्यावाचून केलेला सन्मान आणि नाव घेतल्यावाचून केलेला शांतीचा उपदेश, दोन्ही सारखेच अपुरे होत.

आणखी एक गोष्ट उपदेशकाने विसरू नये. आपल्या प्रांतात सैन्यातील चाकरी ही पुष्कळ घरांची भाकर होती व आहे. आणि कित्येकांस ती मानाने जगण्याची पहिली पायरी झाली. महार समाजास १८९० नंतरच्या काळात सैन्याचे दार बंद झाले. पहिल्या महायुद्धात ते थोड्या काळासाठी उघडून पुन्हा लागले. आणि १९४१ साली बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली. ज्या घराने हे दार उघडण्याची वाट दोन पिढ्या पाहिली, त्या घरात जाऊन ‘शिपाईगिरी वाईट’ असे एका वाक्यात बोलणारा मनुष्य शांतीचा दूत नव्हे. घरच्या लोकांची कथा ऐकून न घेता बोलल्यामुळे, पलटणीच्या पोषाखात त्यांच्या आजोबाने कोणता मान पाहिला, हेच त्याला कळत नाही.

४. बोलण्याचे नियम

वरील सर्व विचारांतून आम्हांस पाच नियम निष्पन्न झालेले दिसतात.

पहिला : आधी नाव, मग उपदेश. ज्यांचे स्मरण करावयाचे त्यांचे नाव घ्यावे, त्यांच्या घरच्यांकडे पाहावे, आणि मौनाच्या वेळी मौन धरावे. दुःखी अंतःकरणापुढे गीत गाण्याविषयी नीतिसूत्रे (२५:२०) काय म्हणतात ते वाचावे. रडणाऱ्यांबरोबर रडण्याची आज्ञा पौलाने आधी दिली आहे व सर्वांशी शांतीने राहण्याची नंतर. हा क्रम आपण उलटा करू नये.

दुसरा : शिपाई व युद्ध ह्यांत भेद ठेवावा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांस हाकलले नाही. जुलूम करू नका, आपल्या पगारात तृप्त असा, असे सांगितले. प्रभूने एका शताधिपतीच्या विश्वासाची वाखाणणी केली. युद्धाचा निर्णय मोठ्या दालनांत होतो; त्याचा हिशेब खंदकात पडलेल्या शेतकऱ्याच्या पोरापाशी मागू नये.

तिसरा : बोलण्याचा अधिकार सेवेने मिळवावा. १९३३ सालच्या त्या स्त्रियांचे बोलणे लोकांस ऐकावे लागले, कारण त्यांतील पुष्कळ जणींनी आपले माणूस गमावून त्या बोलण्याची किंमत आधीच भरली होती. आपण काय भरले आहे? शिपायाच्या विधवेचा पेन्शनीचा कागद अडला असता तिच्याबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आपण गेलो होतो काय? तिच्या शेताचा सातबारा तिच्या नावावर लागावा म्हणून तलाठ्याकडे खेटे घातले होते काय? वर्षाचे ३६४ दिवस जो तिच्या उंबऱ्याशी गेला नाही, त्याने त्या एका दिवशी तिला शांतीचे तत्त्व शिकवू नये.

चौथा : पलीकडच्या आईस विसरू नये. शौलाने दाविदाचा जीव घेण्यासाठी त्याचा रानोरान पाठलाग केला. तरी शौल पडला तेव्हा दाविदाने योनाथानाबरोबर त्याच्यासाठीही विलाप केला. शत्रूच्या मृत्यूवर हर्ष न करणे, हा शांतीचा आरंभ होय. हे व्यासपीठावरून ओरडून सांगण्यापेक्षा प्रार्थनेत हळू आवाजात म्हणणे अधिक चांगले.

पाचवा : नम्रता धरावी. कोणतेही युद्ध न्यायाचे असू शकते की नाही, ह्याविषयी देवभीरू लोकांतही मतभेद आहेत. शांतिप्रतिज्ञा संघातील प्रामाणिक माणसांपुढेही १९३९ नंतर हिटलरच्या क्रौर्याने मोठा पेच टाकला. बर्ट्रांड रसेल ह्यांच्यासारख्या पुरस्कर्त्याने आपले मत बदलले. दुसरे कित्येक आपल्या प्रतिज्ञेवर ठाम राहिले. तेव्हा, “मला सर्व उत्तर ठाऊक आहे,” अशा ताठ्याने कोणी बोलू नये. परंतु नम्रता म्हणजे तोंड बांधून बसणेही नव्हे. यरुशलेमेला शांतीचा मार्ग कळला नाही, म्हणून प्रभू त्या नगराकडे पाहून रडला. आणि रडता रडता बोललाही.

५. मंडळीने काय करावे

आमची उपदेशकांस अशी सूचना आहे. येत्या स्मरणदिनापूर्वी शब्बाथ शाळेच्या मोठ्या मुलांस गावातील वृद्धांकडे पाठवावे. कोणत्या घरातून कोण सैन्यात गेला, कोठे गेला, परत आला की नाही, हे त्यांनी वहीत लिहून आणावे. जात वा धर्म पाहू नये. देवळाजवळच्या वाड्यातले, वस्तीतले, मशिदीमागचे, सर्वांचे लिहावे. त्या दिवशी ती नावे उपासनेत मोठ्याने वाचावी. घरच्या मंडळींस आमंत्रण द्यावे व पुढे बसवावे. दोन मिनिटे मौन पाळावे. त्यानंतर दाविदाच्या पाण्याचा शास्त्रभाग वाचून, एवढे धैर्य व एवढे रक्त पुन्हा मागण्याची वेळ राष्ट्रांवर येऊ नये, अशी प्रार्थना करावी. उपदेश लांब नसावा.

आम्ही पुढल्या वर्षी त्याच मंडळीत असेच केले. त्या बाईच्या मुलाचे नाव प्रथम वाचले. ह्या खेपेस त्या उठून गेल्या नाहीत. प्रार्थनेसाठी वेळ दिला तेव्हा त्यांनी स्वतःच तोंड उघडले, व आपल्या मुलासाठी दोन शब्द बोलून झाल्यावर म्हणाल्या, “आणि देवा, पलीकडंही कुणी माझ्यासारखी बसली असंल, तिलाही धीर दे.” मागल्या वर्षी आम्ही अर्धा तास जे सांगावयास झटलो होतो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. आणि त्यांच्या तोंडून ते कोणास बोचले नाही.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. तिघा वीरांनी आणलेले पाणी दाविदाने का प्यायले नाही? त्यामुळे त्यांचा मान वाढला की घटला?

२. पाणी पिणे, फेकणे व ओतणे, ह्या तिन्ही वाटांची आपल्या गावातील उदाहरणे सांगा.

३. तांबडे व पांढरे फूल एकाच वेळी लावणाऱ्या मनुष्याच्या मनात काय असेल?

४. शौल शत्रू असता दाविदाने त्याच्यासाठी विलाप का केला?

५. आपल्या गावातून सैन्यात गेलेल्या किती जणांची नावे तुम्हांस ठाऊक आहेत? ज्यांची नावे ठाऊक नाहीत, ती कोणास विचाराल?